आबांची एकटी गाठ

“जातो! आबा, एकोणीसनं जातो! पूर्ण जातो हो, काहीच उरत नाही!”

सुमनअक्का गाठींच्या थप्पीवर उभी राहून ओरडत होती. एका हातात दाभण, दुसऱ्या हातात शाईनं बरबटलेला बारदानाचा तुकडा. एप्रिलची दुपार होती, धुळ्याकडून येणारा वारा भट्टीतून गाळून आल्यासारखा लागत होता, आणि अक्काचा आवाज असा की हायवेवरच्या दोन ट्रकांनी करकचून ब्रेक मारले. तिसराही मारणार होता, पण त्याला ब्रेकच नव्हते.

सगळा प्रेसखाना आबांकडे पाहत होता. आबांचा ब्रश गाठीपासून वीतभर अंतरावर हवेत थांबलेला. टोकाला निळ्या शाईचा थेंब लोंबतोय, आणि समोर गाठीवर ताजा नंबर: ५,१०,५११. त्या नंबराभोवती आबांना फक्त एक गोल काढायचा होता. गोल काढायचा, ब्रश खाली ठेवायचा, हात धुवायचे आणि बावीस हंगामांची नोकरी संपवून जळगावला, मेहरूणला, लेकीकडे निघून जायचं, असा त्यांचा बेत. शेठजी हार घेऊन उभे. जिलेबी फडक्याखाली. आणि अक्का म्हणते, जातो!

थेंब पडला. आबांनी ब्रश खाली घेतला आणि ते गाठी तोलायच्या काट्यावर जाऊन बसले. काट्यानं त्यांचं वजन दाखवलं त्रेपन्न किलो. एरवी त्यांनी लगेच सांगितलं असतं की त्रेपन्न ही मूळ संख्या आहे. त्या दिवशी त्यांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

हे समजायचं तर आधी आबा समजले पाहिजेत, आणि ते माझ्यासारख्या फिटर माणसाला सातआठ हंगामांत जेवढे समजले तेवढेच सांगू शकतो.

आमचं जिनिंग-प्रेसिंग सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून. शेतकऱ्याचा कापूस आला की जिनात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. गाठीला कापड गुंडाळायचं, तोंड शिवायचं, आणि वर नंबर टाकायचा. नंबर टाकणारे आबा. कंपनीचा नंबर पत्र्याच्या ठशातून काळ्या शाईनं. तो दर हंगामाला एकपासून सुरू व्हायचा. आबांना ते मान्य नव्हतं. “दर वर्षी एकपासून? म्हणजे मागच्या गाठी काय मेल्या?” असं म्हणून पहिल्याच दिवसापासून त्यांनी गाठीच्या खालच्या कोपऱ्यात, बारक्या ब्रशनं, निळ्या शाईत आपला स्वतःचा नंबर टाकायला सुरुवात केली. तो कधीच एकवर परत आला नाही. हंगामाला सरासरी तेवीस हजार गाठी, असे बावीस हंगाम. करा गुणाकार.

आबा शाळेत सातवीपर्यंत गेलेले. पण संख्या त्यांना माणसांसारख्या दिसत. त्यांच्याकडे चार जाती होत्या. जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही ती ‘एकटी’. शाळेच्या पुस्तकात तिला मूळ संख्या म्हणतात. बाकीच्यांसाठी कसोटी अशी: संख्येला ज्यानं ज्यानं पूर्ण भाग जातो ते सगळे लहान आकडे घ्या, बेरीज करा. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर ती ‘उणी’. दहा उणी: एक, दोन, पाच, बेरीज आठ. जास्त आली तर ‘भरली’. बारा भरली: एक, दोन, तीन, चार, सहा, बेरीज सोळा. आणि बरोबर तेवढीच आली तर ‘नेमकी’. सहा नेमकी: एक, दोन आणि तीन. एकटीला निळा गोल, भरलीवर दोन टिंबं, उणीला काहीच नाही. नेमकीला फूल.

फूल बावीस वर्षांत त्यांनी चारदाच काढलं, आणि चारही पहिल्याच हंगामात. सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव आणि आठ हजार एकशे अठ्ठावीस. पाचवी नेमकी संख्या तीन कोटींच्या वर आहे. आबांनी हिशेब काढून शेठजींना सांगितलं होतं, “आणखी साडेचौदाशे हंगाम लागतील. तेवढा मी थांबत नाही. तुम्ही पाहून घ्या.”

आठ हजार एकशे अठ्ठावीस नंबरच्या गाठीत रुई होती ती आत्माराम भाऊंच्या कापसाची. आत्माराम भाऊ जवळच्याच गावचे शेतकरी, हट्टी असे की बैलानं त्यांच्याकडून शिकावं. आबांनी त्यांना काट्यावरून ओढत प्रेसपर्यंत नेलं, गाठ दाखवली आणि म्हणाले, “पाहा आत्माराम! एवढ्या मोठ्या आकड्यांत फक्त चार नेमक्या, आणि चौथीच्या पोटात तुझा कापूस!” भाऊंना गणितातलं काही कळलं नाही, पण छाती फुगली ती फुगलीच. त्या गाठीच्या कापडाचा फुलासकट तुकडा त्यांनी मागून घेतला, काच लावून घरात टांगला. त्यांच्या घरी जावयाला आधी ती काच दाखवत, मग पाणी देत.

मी कामाला लागलो तेव्हा आबांनी माझं नाव विचारलं नाही. “वय?”

“सत्तावीस.”

“तीन गुणिले तीन गुणिले तीन. चांगलं. पुढच्या वर्षी अठ्ठावीस होशील, नेमका. लग्न करून घे.”

“बघू आबा, घाई काय आहे?”

“घाई काय? त्याच्या पुढच्या वर्षी एकोणतीस! एकटी! राहशील मग तसाच.”

मी हसलो. पण हा माणूस रोज दुपारी कळण्याची भाकरी मोडता मोडता माझ्याकडे अशा दयेनं पाहायचा की अकराव्या महिन्यात मी घाबरून मुलगी पाहायला गेलो. पहिलीच पाहिली, पहिलीलाच हो म्हटलं. बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, ती आवडली म्हणून. आवडली होतीच, पण आबा मागे होतेच.

आबा एकदा हायवेवर चहा पीत होते. समोरून एक ट्रक गेला आणि आबा कपबशी तशीच हातात घेऊन त्याच्यामागे धावले. “थांब! थांब रे!” सोनगीरचा किल्ला मागे पडला, ट्रक थांबेना, आबाही थांबेनात. शेवटी ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, टायर फुटला असेल या भीतीनं गाडी बाजूला घेतली. आबा धापा टाकत म्हणाले, “काही झालं नाही गाडीला. नंबर एकटी आहे तुझा. बस, एवढंच सांगायचं होतं.” ड्रायव्हर पंजाबी. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं आबांच्या पाया पडून गाडी काढली. कपबशीतला चहा सांडला नव्हता. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगणारा आबांपेक्षा खोटं बोलणारा नव्हता.

दक्षिणेतल्या एका सूतगिरणीनं पत्र पाठवलं होतं, तुमच्या गाठींवर कोपऱ्यात निळा नंबर आणि दोन टिंबं असतात, हा काय प्रकार आहे, दर्जाची खूण आहे का? शेठजींनी ते आबांकडे दिलं. आबांनी उत्तरात लिहिलं: “दोन टिंबं म्हणजे गाठ भरली आहे. मान राखून उघडावी.” पुढच्या मागणीत गिरणीनं लिहिलं, शक्यतो दोन टिंबांच्याच पाठवा. शेठजींनी कपाळाला हात लावला, आणि त्या दिवसापासून आबांच्या निळ्या शाईचा खर्च कंपनीकडून.

आता राजा. आबांचा सगळा जीव एका संख्येत अडकलेला होता: ५,१०,५१०. पाच लाख दहा हजार पाचशे दहा. तिचं नाव त्यांनी ‘राजा’ ठेवलेलं. राजा का? तर दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या पहिल्या सातही एकट्या एकमेकींनी गुणल्या की राजा तयार होतो. नुसता ‘भरली’ नाही, तुडुंब भरलेला. स्वतः पाच लाखांचा, आणि त्याच्या पोटातल्या भाजकांची बेरीज बारा लाख एकतीस हजार तीनशे चौदा! शिवाय सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा केलं की पुन्हा तोच. “दोन्ही हातांना शेजारचे आकडे धरून बसलाय,” आबा म्हणायचे, “बैठक पाहा त्याची!” हे सांगताना ते उभे राहत, आणि समोरच्यालाही उभं करत. एकदा त्यांनी वजनमापं तपासायला आलेल्या साहेबालाही उभं केलं होतं. साहेब जाईपर्यंत बसलाच नाही.

राजापर्यंत आपल्या हातानं पोहोचायचं आणि राजाच्या पुढच्या गाठीवर ब्रश ठेवायचा, हा आबांचा पण. पुढच्या गाठीवर का? तर ती एकटी, असं त्यांचं म्हणणं. “राजाला सातही जणींनी भाग जातो. त्यात एक मिळवला की सातांपैकी कोणीही भागलं तरी एक उरणारच. म्हणजे ती एकटी! राजाच्या दारातला जोगी! तिच्यावर हात थांबवला की माझ्या कामाला कोणी भागू शकणार नाही.” पुरावाही होता त्यांच्याकडे. दोन गुणिले तीन अधिक एक, सात, एकटी. पाचपर्यंत गुणून एक मिळवा, एकतीस, एकटी. मग दोनशे अकरा, मग दोन हजार तीनशे अकरा. सगळ्या एकट्या, स्वतः तपासलेल्या, स्वतः गोल काढलेल्या. तेराची पायरी आली ती तीस हजार एकतीसला. आणि नेमके त्या दिवशी आबा रजेवर, पुतण्याच्या लग्नाला मेहरूणला! बदलीवाल्यानं नंबर टाकला आणि गाठ निघून गेली. बावीस वर्षांतली ती एकच रजा. तीस हजार एकतीसला एकोणसाठनं भाग जातो, हे आबांना त्या दिवशी प्रेसवर असते तर कळलं असतं. ते पंगतीत भरीत वाढत होते.

शेवटच्या हंगामाच्या सुरुवातीलाच शेठजींनी सांगितलं, पुढच्या वर्षीपासून स्टिकरचं मशीन येणार. नंबर मशीनच छापणार, मशीनच चिकटवणार. आबांनी एकच विचारलं, “ते मशीन एकटी ओळखतं का?” शेठजी म्हणाले, “नाही.” आबा म्हणाले, “मग चिकटवू द्या त्याला.” पण आतून ते हलले होते. त्या वर्षी कापूसही कमी आलेला. राजा येणार की नाही यावर हमालांच्या पैजा लागल्या. आवारातली कापसाची गंजी उतरत चालली, आबांचा नंबर चढत चालला, आणि खोटं वाटेल, पण गंजीवरचा शेवटचा कापूस उरला तो बरोबर दोन गाठींचा. राजा आणि राजापुढची!

राजाच्या गाठीला नारळ फुटला. शेठजींनी हार घातला. आबांनी तो काढून गाठीला घातला, म्हणून शेठजींनी दुसरा मागवला. मग राजापुढची, ५,१०,५११ नंबरची गाठ प्रेसमधून बाहेर आली, आबांनी नंबर लिहिला, आणि अक्का ओरडली.

सुमनअक्का गाठींची तोंडं शिवायची. एका तोंडाला एकोणीस टाके, ना जास्त ना कमी. वर्षानुवर्षं एकोणीस एकोणीस मोजून एकोणीसचा पाढा तिला असा पाठ झालेला की झोपेत कूस बदलली तरी एकोणतीस वेळा एकोणीस किती ते सांगेल. शेवटची गाठ म्हणून तिच्या मनात आलं, आबांच्या या नंबराएवढे टाके घातले तर किती तोंडं शिवून होतील? बारदानाच्या तुकड्यावर तिनं भागाकार मांडला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर तोंडं. टाका एकही शिल्लक नाही.

आबांनी काट्यावर बसल्या बसल्या तो तुकडा तीनदा तपासला.

“खरं आहे अक्का,” ते म्हणाले. “सातांना विचारलं. आठवीला विचारलंच नाही मी.”

अक्काचे डोळे भरले. “मी कशाला बोलले हो आबा! गप बसले असते तर?”

“गप बसली असतीस तर मी खोटा गोल काढला असता.”

शेठजी म्हणाले, “आबा, असू द्या ना. काढा गोल. कोण तपासणार आहे?”

आबांनी शेठजींकडे असं पाहिलं की शेठजींनी दुसरा हार पाठीमागे लपवला.

मग आबा पुटपुटू लागले. “पाचशे बारा... चालत नाही, राजालाही दोननं जातो, मिळवलेल्या दोनलाही. पाचशे तेरा, तीननं. पाचशे चौदा, पुन्हा दोननं...” आणि एकदम उडाले ते काट्यावरून! “एकोणतीस! पाचशे एकोणतीस!”

आम्हाला वाटलं, उन्हाचं झालं. पण आबा भिंतीवर खडूनं लिहायला लागले होते. राजात दोन मिळवा, दोननं भाग जातो. तीन मिळवा, तीननं. चार, पाच, सहा, थेट अठरापर्यंत काहीही मिळवा, त्या सात जणींपैकी कोणीतरी भागतेच. सगळ्या वाया. पहिली आशा राजात एकोणीस मिळवल्यावर. ५,१०,५२९! सात जणी तिला भागत नाहीत, कारण वर मिळवलेल्या एकोणीसला त्यांतली एकही भागत नाही. आणि स्वतः एकोणीस? “एकोणीसनं पाचशे अकराला चावलं. तिथून पाचशे एकोणतीस फक्त अठरा पावलांवर. एकोणीसला तिथं पाय ठेवता येत नाही!” आबा नाचत होते. त्रेपन्न किलोचा माणूस, पण पत्रे हादरले.

“पण एकोणीसच्या पुढच्या?” मी विचारलं. “त्यांपैकी कोणी भागलं तर?”

“पाहावं लागेल! या खेपेला सगळ्यांना विचारायचं. सातशे चौदापर्यंत. त्याच्यापुढे विचारायची गरज नाही. सातशे पंधरा गुणिले सातशे पंधरा तिच्यापेक्षा मोठं होतं. तिथपर्यंत एकट्या एकशे सत्तावीस. आठ झाल्या. राहिल्या एकशे एकोणीस.”

शेठजींनी मोबाइल काढला. आबा ओरडले, “ठेवा तो! मोबाइलनं सांगितलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेली भाकरी!” (तुम्हीही आता काढणारच. काढा. मी काढला होता, आबांच्या पाठीमागे, नंतर. एकटीच आहे ती.)

“ते ठीक आहे आबा,” शेठजी म्हणाले, “पण अजून अठरा गाठी लागतील. नव्वद क्विंटल कापूस! गंजीवर बोंडसुद्धा नाही. आणायचा कुठून?”

हे मात्र खरं होतं. आबा पुन्हा काट्यावर बसले.

तेव्हा गुलाबनाना पुढे आले. गुलाबनाना म्हणजे आमचे सगळ्यात जुने हमाल. बोलणं कमी आणि बोलले तर अहिराणीच. “आत्माराम भाऊना घर भरेल शे,” ते म्हणाले. “बठ्ठा कापूस घरमाच शे.”

खानदेशात हे नवीन नाही. मनासारखा भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा. आत्माराम भाऊंनी त्या वर्षी तीन खोल्या भरल्या होत्या. स्वतः कापसावर झोपत, पाहुण्यांना कापसावर बसवत, आणि व्यापारी आला तर त्याला उंबऱ्याबाहेरून हाकलत. नाना तडक त्यांच्याकडे गेले. काय बोलले माहीत नाही. मला वाटतं तिथंही चारच शब्द बोलले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवरून चार ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या अशा भरलेल्या की वरचा कापूस विजेच्या तारांना विचारून वाकत होता. पहिल्या ट्रॉलीवर आत्माराम भाऊ, मांडीवर ती काचेची चौकट.

शेठजींनी भावाचं काढलं तसे भाऊ खेकसले, “भाव मागून बोलू! आबा कुठे अडलाय ते सांगा आधी!”

जिन सुरू झालं. आणि इकडे आम्ही सतरा जण, प्रत्येकी सात भागाकार, बरोबर एकशे एकोणीस. आबांनी सगळ्या एकट्या तोंडपाठ म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या. एक स्वतःला, एक अक्काला, एक मला, एक शेठजींना, एक आत्माराम भाऊंना, आणि बाकीच्या हमालांना, गेटवाल्याला, जिनवाल्यांना. काय तो दिवस! गाठ दाबता दाबता भागाकार, पट्टी आवळता आवळता भागाकार. जुन्या गेटपासांच्या पाठी संपल्या, बारदान संपलं, भिंती संपल्या. जिनवाल्यांपैकी एकानं तर शर्ट काढून पाठीवर भागाकार मांडून घेतला. तिकडे जिनाची घरघर, इकडे “सात वजा नऊ जमत नाही, दहा उसने घे रे!” आणि मधूनच कोणीतरी आरोळी ठोकायचा, “नाही जात!” की सगळे टाळ्या वाजवायचे.

सर्वांच्या आधी उरकले गुलाबनाना. एका कोपऱ्यात पाठमोरे बसले, गेटपासावर पेन्सिल फिरवली आणि दहा मिनिटांत उठून गरजले, “जात नही! सातीन सात पाह्यात, एक बी जात नही!” आबांनी त्यांना मिठीच मारली. त्या आवाजानं आम्हा सगळ्यांना बळ आलं. मी तर मनात म्हटलं, शाळेत मास्तरांनी आपलं वाटोळं केलं. नाना पाहा कसे भागतात.

पाचशे वीस झाली. पाचशे पंचवीस. चिठ्ठ्या संपत आल्या. आणि शेठजी उठून उभे राहिले, चेहरा पांढराफटक.

“आबा... जातोय. चारशे एकवीसनं.”

प्रेसवाल्याचा हात दांड्यावर थांबला. आत्माराम भाऊ तीन खोल्यांच्या कापसाकडे पाहू लागले. आबांनी शेठजींच्या हातातून कागद घेतला. बोट खाली सरकत गेलं. बोट थांबलं. मी कोणाच्याही तोंडावर एवढी ऊन-सावली एका वेळी पाहिलेली नाही.

“शेठ,” आबा म्हणाले, “हातचा विसरलात. दोनशे सत्त्याहत्तर उरतात.”

मग जो आरडाओरडा झाला, तो धुळ्यात ऐकू गेला. मला धुळ्याच्या माणसानंच सांगितलं. शेठजी स्वतः सर्वांत जोरात ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा तो माणूस हिशेब चुकल्याच्या आनंदात होता.

अठ्ठाविसावी गेली. एकोणतिसावी गाठ प्रेसमधून बाहेर आली तेव्हा सतरा चिठ्ठ्यांवर एकशे एकोणीस फुल्या होत्या. अक्कानं तोंड शिवलं, एकोणीस टाके, मोठ्यानं मोजत; आम्ही सगळे तिच्याबरोबर मोजत होतो. आबांनी नंबर लिहिला: ५,१०,५२९. गोल असा आला की कंपास लाजावा. मग त्यांनी ब्रश धुतला. सावकाश, निळं पाणी पांढरं होईपर्यंत. ब्रश अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, “पाढा विसरू नकोस.” बस, एवढंच. जिलेबी कालची, कडक झालेली. तशी गोड जिलेबी मी पुन्हा खाल्ली नाही.

आता स्टिकरचं मशीन आहे. व्यवस्थित चालतं, कटकट नाही, मला तर त्याला तेल देताना झोप येते. आबा मेहरूणच्या तलावाकाठी रोज फिरतात. लेक सांगते, पावलं मोजतात आणि एकटीवर आल्याशिवाय घरात शिरत नाहीत. कधी कधी उंबऱ्यासमोर मागे-पुढे करत उभे असतात. आत्माराम भाऊंच्या भिंतीवर आता दोन काचा आहेत.

गेल्या हंगामात गाठी मोजताना गुलाबनाना माझ्या शेजारी होते. मला एकदम तो दिवस आठवला, भरून आलं आणि मी म्हणालो, “नाना, खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही कमाल केली. आम्ही एकेका भागाकाराशी झटत होतो, आणि तुम्ही दहा मिनिटांत साती उरकून उभे! कुठल्या मास्तरांकडे शिकलात?”

नानांनी खांद्यावरचं फडकं झटकलं, पुढच्या गाठीला हूक लावला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले,

“माले भागाकार येत नही, भाऊ.”